भांडं पेटलेलं, भाजी गारढोण

एक सांगा राव, या मायक्रोवेव्हनं तापवायचं काय असतं, अन्न की भांडं? सांगलीत विश्रामबागला आमच्या ऑफिसात असलं एक खोकं बसवलंय. दुपारी अख्खा मसूर ठेवला. बाहेर काढताना वाडग्यानं बोटं पोळली. कडेला रस्सा रटरटतोय आणि मधला घास आत्ताच फ्रिजमधून काढल्यासारखा!

वर शेजारचे साहेब मला शिकवतात, "अरे, हे आतून बाहेर तापवतं." कुणी सांगितलं? त्या लाटा अन्नात जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर शिरतात. पुढचं सगळं कडेची ऊष्मा हळूहळू आत सरकेल तेव्हा. शिवाय लाटा पेटीच्या भिंतींवर आपटून परततात, त्यामुळं एका जागी जोर एकवटतो आणि चार बोटांवर काहीच नाही. म्हणून तर आतली काच फिरती असते. आमची काच फिरत नाही. तिच्याखालची चाकं कुणीतरी धुवायला नेली, ती गेलीच.

आणि "याला जाळ नाही, यानं भाजत नाही" म्हणणाऱ्यांना एकदा पुरणपोळी गरम करून द्या. वरची पोळी कोरडी, ती कोमट लागते. आतलं पुरण ओलं आणि गोड, ते तापून निखारा झालेलं असतं. हात सांगतो खा, जीभ सांगते मेलो! परवाच्या पोळीनं टाळूची साल गेली, अजून चहा पिता येत नाही. घट्ट झाकणाचा डबा उघडताना तोंडावर येणारी वाफ तर वेगळीच. गुळगुळीत कपात नुसतं पाणी ठेवलं तर ते कधी कधी 100 अंशांपुढं जाऊनही शांत बसतं, बुडबुडा नाही. चमचा घातला की उसळून थेट हातावर. म्हणे भाजत नाही!

"मधेच ढवळा, काढल्यावर मिनिटभर थांबा." मान्य हो, उपाय तोच आहे. पण सुट्टी अर्ध्या तासाची, मागं डब्यांची रांग आणि प्रत्येकाचं "झालं का?" माझं ढवळून दुसऱ्यांदा ठेवायच्या आत एकानं स्वतःचा डबा सरकवला. त्यात सुकट! झाकण न लावता! आता आठवडाभर माझ्या शिऱ्याला सुकटीचा वास.