थंडीत पोरींच्या सायकली बंद करू नका

आठवडाभरापासून एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे. ‘थंडीत सकाळी सायकल चालवू नका. छातीत गारवा भरून न्यूमोनिया होतो. गुडघ्यातलं वंगण गोठतं. अर्धी ऊब डोक्यातून जाते. जावंच लागलं तर जाड स्वेटर आणि वरून रेक्झिनचं जर्किन घाला, नाहीतर हजारोंचे खास कपडे घ्या.’ यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या मारेगाव तालुक्यात हे वाचून दोन घरांनी शनिवारच्या सकाळच्या शाळेला मुली पाठवल्याच नाहीत. मानव विकास योजनेतून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, त्या अंतरापायी शाळा सुटू नये म्हणून. मी स्वतः 11 हिवाळे रोज 9 किलोमीटर सायकलनं शिकवायला जातो आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

न्यूमोनिया जिवाणू-विषाणूंमुळे होतो, गार वाऱ्यामुळे नाही. दम्याच्या माणसाची गोष्ट वेगळी. गार, कोरड्या हवेनं श्वासनलिका आकसतात, हे खरं आहे. अशांनी दुपट्टा नाकातोंडावरून सैल गुंडाळावा, म्हणजे आपल्याच श्वासाच्या उबेनं आत जाणारी हवा कोमट होते. डॉक्टरांनी दिलेला पंप खिशात असू द्यावा. थंडीत रक्तदाबही वाढतो, म्हणून हृदयाचं दुखणं असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावं. पण त्यांची भीती 13 वर्षांच्या धडधाकट पोरीला कशाला घालायची?

गुडघ्यातलं वंगण आपल्या थंडीत गोठत नाही. आतलं रक्त वाहतं आहे तोवर ते गोठणार कसं? सकाळी सांधे आखडल्यासारखे वाटतात, म्हणून पहिला किलोमीटर हळू मारावा. गुडघा दुखण्याचं कारण मला बहुतेक वेळा सीटच्या उंचीत सापडलं आहे. मोठी सायकल मिळाली की घरचे सीट पार खाली करून ठेवतात. मग प्रत्येक पायडलला गुडघा पोटाशी येतो. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवल्यावर पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. नव्यानं शिकणारीची सीट आधी खाली असू दे, पण महिनाभरात वर घ्या.

डोक्यातून अर्धी ऊब जाते, हे तर साफ खोटं. डोकं म्हणजे अंगाचा साधारण दहावा भाग, आणि ऊबही जवळपास तेवढीच जाते. कान मात्र झाका, ते खरंच ठणकतात. मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येईल इतकंच जाड बांधा.

आता कपड्यांचं, कारण मेसेजनं सगळ्यात जास्त घोळ इथेच घातला आहे. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता, पण असे दिवस क्वचितच. एरवी 10 अंशांची सकाळ म्हणजे आपल्याकडे कडाक्याची. त्या हवेत ताशी 15 किलोमीटरनं निघालात तर वाऱ्यामुळे अंगाला ते 8 अंशांसारखं लागतं. नाल्याच्या उतारावर त्याहून गार, कारण थंड हवा जड असते आणि रात्रभर सखल जागी साचते. म्हणजे अडवायचा तो समोरून येणारा वारा. रेक्झिनचं जर्किन वारा अडवतं, पण घामही आतच कोंडतं. पायडल मारून अंग तापतं, बनियन भिजते आणि शाळेत बसल्यावर तीच ओली बनियन अंगाला चिकटून हुडहुडी भरते.

आपण कापसाच्या मुलखातले. रजई उबदार का, तर कोरड्या कापसात हवा अडकून राहते. तोच कापूस भिजला की ऊब पळते. म्हणून अंगाला लागून सुती बनियन नको, शाळेच्या कबड्डीची जर्सी चालते, ती लवकर वाळते. वर एक पातळ स्वेटर, आणि दोन्हींच्या मध्ये छातीवर कालचं वर्तमानपत्र. युरोपातले शर्यतवालेही घाट उतरताना जर्सीत वर्तमानपत्र कोंबत. कागद पुढचा वारा रोखतो, पाठ मोकळी राहते. निघताना जरा थंडी वाजली पाहिजे. घरातच गरम वाटत असेल तर एक कपडा काढून दप्तरात टाका.

बोटं सगळ्यात आधी बधिर होतात. लोकरीच्या हातमोज्यांतून वारा आरपार जातो, आत पातळ प्लास्टिकची पिशवी घातली की थांबतो. ब्रेक नीट दाबता येतो का, हे आधी अंगणात बघून घ्या. बुटात दोन-दोन मोजे कोंबू नका, रक्त फिरेनासं झालं की पाय आणखीच गार पडतात. यात विकत घ्यायचे ते फार तर हातमोजे.

मेसेजमध्ये नसलेली भीती मात्र खरी आहे. डिसेंबरअखेरीस सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, पऱ्हाटीवर धुई उतरलेली असते, आणि कापसाच्या ट्रॉल्या त्याच रस्त्यानं जिनिंगला निघतात. काळ्या स्वेटरातली पोर ड्रायव्हरला दिसतच नाही. मागच्या चिखलरोधकावर लाल रिफ्लेक्टर, कॅरिअरला लाल दिवा आणि स्वेटरवरून पांढरा दुपट्टा, एवढ्यासाठी पैसे खर्च करा. धुई दाट असली तर अर्धा तास थांबा. उशीर झाला म्हणून कुणी बोललं तर मी बघतो.

येत्या शनिवारी साडेसहाला मी दिवा लावून फाट्यावर उभा असेन. ज्यांच्या पोरी घरी बसल्या आहेत त्यांनी त्यांना माझ्यासोबत पाठवावं. सीटसाठी पाना मी आणतो.