पायाळू बाळासंबंधी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

ऐरोली-घणसोलीतील गरोदर महिलांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळ पायाळू (डोक्याऐवजी पाय किंवा कुल्ले खाली असलेले) दिसले म्हणजे सिझेरियन अटळ असते आणि ते टाळायचे असेल तर सुईणीकडून पोट चोळून घ्यावे. यातील पहिला भाग चुकीचा, तर दुसरा धोक्याचा आहे.

२८व्या आठवड्याच्या सुमारास साधारण चार-पाच बाळांमागे एक पायाळू असतेच. त्यांतील बहुतेक बाळे पुढे आपणहून फिरतात आणि दिवस भरेपर्यंत हे प्रमाण ३ ते ४ टक्क्यांवर येते. बरगडीखाली टणक गोळा आणि ओटीपोटात लाथा जाणवल्याचे अनेक आया सांगतात, पण तेवढ्यावरून (किंवा सासूबाईंच्या अनुभवी अंदाजावरूनही) निदान करता येत नाही. ३६ आठवड्यांनंतरही बाळ तसेच राहिले, तर प्रसूतितज्ज्ञ रुग्णालयात, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून, पोटावरून हाताने ते फिरवण्याचा प्रयत्न करू शकतात आणि सुमारे निम्म्या वेळा तो साधतो. घरी चोळण्याने मात्र वार (बाळाला पोषण पुरवणारा, गर्भाशयाला चिकटलेला अवयव) सुटून रक्तस्राव होऊ शकतो.

बाळ पायाळू असताना पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) फुटल्यास कळांची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे, कारण नाळ आधी खाली घसरण्याचा धोका असतो.