एकुलता एक आहे म्हणून ड्राफ्ट (अमेरिकेतली सक्तीची सैन्यभरती) माफ? कुठल्या कायद्यात लिहिलंय?

परवा रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचा मुलगा मे महिन्यात १८ चा झाला. त्याआधीच सगळ्यांची ग्रीन कार्डं आली होती. सिलेक्टिव्ह सर्व्हिसचं (ड्राफ्टसाठी मुलांची यादी ठेवणारं अमेरिकन सरकारी खातं) नाव नोंदवायचं पत्र घरी आलेलं, ते हिने ड्रॉवरमध्ये ठेवून दिलंय! का, तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतंय, "अमेरिकेतल्या भारतीय आईवडिलांनी जरूर वाचा". मला म्हणते, "ताई, तो एकुलता एक आहे ना, त्याला लागू नाही, बघ यात सगळं लिहिलंय."

त्यात म्हटलंय की व्हिएतनाम युद्धाच्या वेळचे ड्राफ्टचे नियम आजही तसेच आहेत. एकुलत्या एक मुलाला माफी, कॉलेजात असेल तर कायमची माफी, लग्न झालं असेल तर माफी, लॉटरीत नंबर लागला की सुटका, आणि म्हणून ग्रीन कार्डवाल्या मुलांनी नाव नोंदवूच नये, नोंदवलं की मिलिटरीत गेलात, आणि नाही नोंदवलं तरी खटला कुणावर होतच नाही. हे वाचून माझी झोप उडाली, कारण एवढ्या आत्मविश्वासाने लिहिलंय की घाबरलेली आई विश्वास ठेवणारच.

आधी मूळ गोष्ट. व्हिएतनामच्या वेळी पोरगा १८ चा झाला की गावच्या ड्राफ्ट बोर्डाकडे नाव नोंदवायचा. देशभरात अशी चारेक हजार बोर्डं होती, त्यावर तिथलीच बिनपगारी माणसं बसायची, आणि ती प्रत्येकाला एक वर्ग द्यायची. १-ए म्हणजे कधीही बोलावता येईल असा. २-एस विद्यार्थी, ३-ए घरची जबाबदारी असलेला, ४-डी धर्मगुरू, ४-एफ तब्येतीमुळे नापास, १-ओ म्हणजे युद्धाला सदसद्विवेकाने विरोध असलेला, ज्याला त्याऐवजी नागरी काम करावं लागायचं. यातले बरेचसे वर्ग म्हणजे डेफरमेंट, आणि डेफरमेंट म्हणजे पुढे ढकलणं. माफी नाही! कारण संपलं की बोर्ड पुन्हा १-ए करायचं, आणि नियम बदलले तरी करायचं. बॉक्सर मुहम्मद अली घ्या. १९६४ मध्ये लेखी चाचणीत मार्क कमी पडले म्हणून तो १-वाय झाला, म्हणजे फक्त युद्ध किंवा आणीबाणीत बोलवायचा. मग सरकारने पासिंगची पातळी खाली आणली आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये तोच माणूस १-ए. एप्रिल १९६७ मध्ये ह्यूस्टनला त्याने भरतीला नकार दिला, पाच वर्षांची शिक्षा झाली, ती सुप्रीम कोर्टात रद्द व्हायला जून १९७१ उजाडला. एवढ्या प्रसिद्ध माणसाचं हे झालं, आणि फॉरवर्डवाला म्हणतो एकदा मिळालेली सूट कायमची.

आता एकुलत्या एकाचं, कारण बहीण यावरच अडून बसलीय आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच आलाय. कायद्यात शब्द आहे 'सोल सर्व्हायव्हिंग सन'. म्हणजे ज्या घरातलं माणूस सैन्यात असताना गेलं त्या घरात उरलेला मुलगा. १९४२ मध्ये आयोवातले पाच सलिव्हन भाऊ एकाच युद्धनौकेवर होते, पाचही गेले. अशा घरांचं दुःख डोळ्यासमोर ठेवून १९४८ च्या कायद्यात ही तरतूद आली. तिचा अर्थ कुणीतरी 'आईवडिलांना एकच मुलगा' असा करून टाकला! ज्या आईने रणांगणावर मुलगा गमावला तिच्यासाठी केलेला नियम आपण आपल्या हॉलमध्ये बसून स्वतःला लावून घेतो, याचं मला खरंच वाईट वाटलं. सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या स्वतःच्या वेबसाइटवर हे स्पष्ट लिहिलंय, की एकुलता एक मुलगा असो, घराण्याचं नाव चालवणारा शेवटचा असो, नाव नोंदवावंच लागतं आणि ड्राफ्टही करता येतं. ज्यांच्या घरात खरंच असा मृत्यू झालाय त्यांनाही ही सवलत शांततेच्या काळापुरतीच आहे, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, युद्ध किंवा राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली की तीही संपते. बहिणीला म्हटलं माझं ऐकू नकोस, ते पान स्वतः उघडून वाच.

कॉलेजचं थोडंसं खरं आहे, मान्य करते. २-एस मुळे व्हिएतनामच्या वेळी लाखो पोरांचं बोलावणं लांबलं, आणि ज्यांच्या घरी फीचे पैसे नव्हते ती पोरं आधी गेली, हा अन्याय होता, त्यावर तिथेच खूप आरडाओरडा झाला. पण कायमचं? १९६७ च्या कायद्याने पदवी मिळेपर्यंत किंवा २४ वर्षांपर्यंतच. पुढे एमए-पीएचडी करणाऱ्यांची सूट १९६८ मध्ये गेली, डॉक्टरकीसारखी थोडी शिक्षणं सोडून. १९७१ पासून नव्या विद्यार्थ्यांना २-एस देणंच बंद. आणि जो डेफरमेंट घ्यायचा त्याला बोलावण्याची वयोमर्यादा २६ वरून ३५ वर जायची, हे फॉरवर्डमध्ये कुठेच नाही! आज ड्राफ्ट आला तर विद्यार्थ्याला चालू सेमिस्टर पूर्ण करू देतील, शेवटच्या वर्षाला असेल तर ते वर्ष, बस.

लग्नाचं तर विचारूच नका. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी १९६३ मध्ये लग्न झालेल्यांना यादीत मागे टाकलं आणि त्यांच्यानंतरच्या जॉन्सननी २६ ऑगस्ट १९६५ ला ते काढून घेतलं. मूल असेल तर ३-ए मिळायचं, तेही १९७० मध्ये नव्याने देणं थांबलं. लॉटरी, म्हणजे कुणाला आधी बोलवायचं हे ठरवणारी जन्मतारखांची सोडत, तर पूर्ण उलटी सांगितलीय. १ डिसेंबर १९६९ ला काचेच्या भांड्यातून पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर, म्हणजे त्या तारखेला जन्मलेल्यांना सगळ्यात आधी बोलावणं. त्या सोडतीत १९५ नंबरपर्यंत बोलावलं, त्यापुढचे वाचले.

आणि शेवटचा मुद्दा, ज्याने पोरांचं खरंच नुकसान होतंय. ग्रीन कार्डवाल्या मुलाला १८ ते २५ मध्ये नाव नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. एच-४ (नोकरीवाल्याच्या कुटुंबाचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्याचा) सारख्या वैध व्हिसावर असलेल्याला नाही, पण २६ च्या आत ग्रीन कार्ड आलं की ३० दिवसांत नोंदवायचं. आपल्याकडे बरीच घरं नेमकी इथेच फसतात. कागदावर शिक्षा पाच वर्षं कैद आणि अडीच लाख डॉलर दंड. ऐंशीच्या दशकानंतर यासाठी कुणावर खटला भरलेला नाही हेही खरं आहे, आणि फॉरवर्डवाल्याचा सगळा जोर त्यावरच. पण खटला नाही झाला तरी फेडरल नोकरी मिळत नाही, आणि नागरिकत्वाच्या अर्जात हा प्रश्न थेट विचारतात. जाणूनबुजून नोंदवलं नाही असं दिसलं तर अर्ज अडकतो. २६ पूर्ण झाल्यावर वाटलं तरी नोंदवता येत नाही, मग तेव्हा "आईने पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं" हे कुठल्या अधिकाऱ्याला सांगणार?

हे सगळं ऐकून बहिणीने हळूच विचारलं, "पण नाव दिलं की नेतील का गं त्याला?" तिची खरी भीती ही आहे आणि मला ती समजते, मी पण आई आहे. नाही नेणार. नोंदणी म्हणजे भरती नाही. १९७३ नंतर अमेरिकेत एकाही मुलाला सक्तीने सैन्यात घेतलेलं नाही, आणि पुन्हा सुरू करायचं तर आधी काँग्रेसला कायदा करावा लागेल आणि राष्ट्राध्यक्षांना सही. तसं झालंच तर तब्येत, घरची जबाबदारी, सदसद्विवेक, जे काही कारण असेल ते तेव्हा बोर्डापुढे मांडता येतं. फॉर्म न भरून ते मांडता येत नाही. बऱ्याच राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्स काढताना नोंदणी आपोआप होते, म्हणून आधी त्याचं नाव आहे का ते वेबसाइटवर तपासायचं. शनिवारी मी तिच्याकडे जातेय, भाच्याला सांगितलंय सोशल सिक्युरिटी नंबर काढून ठेव, आणि ज्या ग्रुपवर ते फॉरवर्ड आलं तिथे बहीणच हे टाकणार आहे.