हसण्याचा ठेवा श्रोत्यांच्या माळ्यावर आहे

2022 साली इंग्लंडमध्ये एक जुनी टेप सापडली आणि तिची चांगलीच मोठी बातमी झाली. टेपवर होता ‘हॅनकॉक्स हाफ आवर’ या रेडिओ मालिकेचा 1955 सालचा एक भाग. टोनी हॅनकॉक हा त्या काळी इंग्रजांच्या घराघरांतला लाडका विनोदी नट. रे गॅल्टन आणि ॲलन सिम्पसन ही लेखकांची जोडी त्याच्यासाठी लिहायची. या भागात पीटर सेलर्स हा विनोदी नटही होता. बीबीसीच्या संग्रहात हा भाग नव्हताच. कुणा एका श्रोत्यानं तेव्हा घरच्या रेडिओवरून तो टेपवर उतरवून घेतला होता आणि त्या टेपनं जवळपास सात दशकं तग धरला होता.

मला आनंद झाला तसं वाईटही वाटलं. ही बातमी मराठीत कधी येणार? ‘पुन्हा प्रपंच’ या आकाशवाणी मुंबईवरच्या कौटुंबिक श्रुतिकेचा, म्हणजे रेडिओवरच्या छोट्या नाटकाचा, हरवलेला भाग ठाण्यात किंवा साताऱ्यात कुणाच्या तरी घरी सापडला, असं कधी वाचायला मिळणार? माझ्या मते मिळू शकतं. पण त्यासाठी कुणीतरी श्रोत्यांकडे जाऊन ते मागायला हवं. आजवर ते मागितलं गेलेलं नाही, ही माझी तक्रार आहे.

परदेशात राहणारा माणूस लिहायला बसला की इथलं सगळं शिस्तीचं आणि तिकडचं सगळं ढिसाळ, असा सूर लागतो. म्हणून आधीच सांगतो, बीबीसीनंही आपला ठेवा स्वतःच्या हातानं घालवला आहे. ध्वनिसंग्रह तिथे 1936 पासून होता, पण त्यात काय ठेवायचं याची निवड व्हायची आणि निवडीत भाषणं, राजघराण्याचे सोहळे, मोठ्या लोकांचे आवाज पुढे असायचे. विनोदी कार्यक्रम आज ऐकायचा आणि सोडून द्यायचा, अशी समजूत होती. टेप महाग होती, म्हणून तीच पुसून पुन्हा वापरायचे. पुनःप्रक्षेपणावर कलाकारांच्या आणि वादकांच्या संघटनांची बंधनं होती, मग ठेवून तरी काय करायचं? ‘हॅनकॉक्स’चे 20 भाग असेच नाहीसे झाले. ‘द गून शो’ हा रेडिओवरचा विनोदी कार्यक्रम 1951 साली सुरू झाला, त्याच्या पहिल्या काही वर्षांतलं तर फारच थोडं उरलं आहे. पुढच्या वर्षांतलं बरंचसं वाचलं ते परदेशी रेडिओ केंद्रांना पाठवायला तबकड्या काढल्या जात म्हणून. देशाबाहेर विकण्यासाठी जे केलं, तेच देशाच्या कामी आलं.

म्हणजे चूक दोन्हीकडे सारखीच झाली. फरक पडला तो नंतर. 2001 मध्ये बीबीसीनं जाहीरपणे लोकांना आवाहन केलं: आमच्याकडे हे हे नाही, तुमच्याकडे असेल तर द्या. स्वतःची उणीव लोकांपुढे मांडायला एवढ्या मोठ्या संस्थेला संकोच वाटला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. लोकांनी टेपा दिल्या. जे सापडलं ते वाजवायला जागाही तयार झाली: 2002 च्या डिसेंबरात ‘बीबीसी 7’ हे डिजिटल केंद्र सुरू झालं, पुढे 2011 मध्ये त्याचं ‘रेडिओ 4 एक्स्ट्रा’ झालं. जुनी श्रुतिका सकाळी चहा घेताना सहज कानावर पडते, तेव्हा ती जपण्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागत नाही. आणि जे भाग सापडलेच नाहीत, त्यांची संहिता तरी हाती होती. बीबीसीचं कागदपत्रांचं दफ्तर मी राहतो त्या रेडिंग शहरात, कॅव्हर्शमला आहे. 2014 पासून हॅनकॉकच्या हरवलेल्या भागांच्या संहिता केव्हिन मॅक्नॅली या नटाला घेऊन, प्रेक्षकांसमोर, पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. मी त्या ऐकल्या आहेत. काम मनापासून केलेलं आहे. पण मूळ भाग सापडला की लगेच कळतं की काय गेलं होतं. हॅनकॉकचा विनोद त्याच्या थांबण्यात आहे. वाक्य संपवून तो एक क्षण गप्प राहतो, श्रोते हसायला लागतात, आणि तो पुढचा शब्द उच्चारायला आणखी उशीर करतो. हे संहितेत लिहिलेलं नसतं.

गाणं हरवलं तरी त्याची चाल कुणाच्या तरी गळ्यात उरते. ‘गीतरामायण’ 1955-56 मध्ये पुणे केंद्रावरून वर्षभर झालं आणि नंतर सुधीर फडक्यांच्या आवाजात, पुस्तकात, कार्यक्रमांत, हौशी गायकांच्या मैफलींत जगत राहिलं. पु. ल. देशपांड्यांचं कथाकथन कॅसेटवर निघालं म्हणून आजच्या मुलांना तोंडपाठ आहे. आठवड्याला एक याप्रमाणे येणाऱ्या कौटुंबिक श्रुतिकेला असा दुसरा जन्म मिळत नाही. ती त्या दिवशी झाली, लोक हसले, संपली. ‘पुन्हा प्रपंच’मधल्या नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, त्यांच्यासोबत प्रभाकरपंत आणि टेकाडे भावजी, बाळ कुडतरकर आणि प्रभाकर जोशी यांचे आवाज, हे सगळं माझ्या आईवडिलांच्या पिढीला शेजारच्या घरासारखं माहीत होतं. त्या पिढीतले लोक अजून टेकाडे भावजींची नक्कल करून दाखवतात. माझ्या मुलीच्या कानावर मात्र नकलेची नक्कलच येते.

या विषयात मराठी माणसानं रस घ्यावा याला आणखी एक कारण आहे. ‘द गून शो’चा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन जन्मला तो आपल्या अहमदनगरात (आताच्या अहिल्यानगरात), 1918 साली. त्याचे वडील इंग्रजी फौजेत होते. त्याचं लहानपण पुण्याच्या छावणीत गेलं. इंग्रजी रेडिओ विनोदाची घडी ज्यानं विस्कटून टाकली, तो आपल्याकडचं ऊन-धूळ अंगावर घेऊन वाढला होता. त्याच कार्यक्रमात लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन पात्रं यायची, मिलिगन आणि सेलर्सनी भारतीय उच्चारांची थट्टा करत रंगवलेली. मी ते भाग ऐकले आहेत. इतकी वर्षं इथे राहून, कार्यालयात आपल्या उच्चारांवर हळूच झालेली थट्टा सोसून ते ऐकताना हसू येत नाही. तरीही ते भाग पुसावेत असं मला वाटत नाही. इथे अशा कार्यक्रमाआधी दोन वाक्यांत सांगतात की यातली भाषा आणि दृष्टी त्या काळची आहे. तेवढं पुरेसं आहे. कोण कोणाला हसत होतं, हे कळायला ध्वनिमुद्रणासारखा पुरावा नाही.

आपल्याकडे हे अधिक अवघड आहे, हे मी जाणतो. जुन्या विनोदात बायकांवर, जातीवर, गावंढ्या बोलीवर, मद्राशी शेजाऱ्यावर टोमणे असतात. आज एखादी श्रुतिका बाहेर आली आणि कुणाच्या भावना दुखावल्या, तर निवेदन, मोर्चा, माफी असं चक्र फिरायला एक दिवस पुरतो. अधिकारी साहजिकच म्हणणार, कशाला उघडायची ती कपाटं? माझं त्यांना सांगणं आहे की ऐकवण्याचा निर्णय आणि जपण्याचा निर्णय वेगळे ठेवा. जे आज वाजवता येत नाही ते वीस वर्षांनी अभ्यासकाला ऐकता येईल. पण आज बुरशी लागून गेलेली टेप तेव्हा कुठून आणायची?

गेल्या काही वर्षांत तिकडे मराठीवरून जे वाद झाले, ते मी इथून रोज वाचले. ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा प्रश्न पेटला आणि जूनच्या अखेरीस सरकारला ते निर्णय मागे घ्यावे लागले. त्याआधी, जून 2023 मध्ये, पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय झाला, लोकांनी आवाज उठवला आणि तो थांबला. या तिन्ही वेळा मी मनानं लोकांच्या बाजूनं होतो. मुलांच्या शाळेतली भाषा आणि केंद्रावरच्या बातम्या यांसाठी भांडायलाच हवं. पण अभिजातपणाचा पुरावा म्हणून आपण नाणेघाटाच्या लेखापर्यंत मागे जातो आणि 1970 साली गिरगावातली बाई नवऱ्याशी कशी बोलत होती, त्याचा पुरावा मात्र दमट कपाटात सोडून देतो. त्या काळातलं बोलणं आपल्याला पुस्तकांतून मिळत नाही. पुस्तकातलं मराठी नीटनेटकं असतं. रेडिओवरच्या श्रुतिकेत हेल असतात, अर्धवट वाक्यं असतात, ‘अगंबाई’ म्हणण्याच्या दहा तऱ्हा असतात.

आकाशवाणीकडे काहीच नाही असं नव्हे. दिल्लीचा संग्रह मोठा आहे, संगीताचं पुष्कळ काम झालं आहे, प्रसार भारतीनं जुना ठेवा इंटरनेटवर आणायला सुरुवातही केली आहे. विविध भारतीवर ‘हवामहल’मध्ये जुन्या हिंदी झलकी अजून लागतात, म्हणून त्या टिकल्या. जिथे पुन्हा वाजवायची सवय आहे तिथे जतन आपोआप होतं. मराठी श्रुतिकेला तशी रोजची ठरलेली वेळ मिळायला हवी.

इथे लंडनच्या पश्चिमेला एक मराठी काकू राहतात. सत्तरच्या दशकात लग्न होऊन आल्या. त्यांच्याकडे कॅसेटांनी भरलेला चपलांचा एक खोका आहे. त्यांचा भाऊ ठाण्याहून आकाशवाणी मुंबईचे कार्यक्रम उतरवून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवायचा. लेबलावर निळ्या शाईनं ‘श्रुतिका, रविवार’ एवढंच लिहिलेलं, साल नाही. पुसली जाऊ नये म्हणून कॅसेटच्या मागची दोन्ही प्लास्टिकची पानं मोडलेली. मी त्यातली एक उघडली, तर टेपला दाबून धरणारा फेल्टचा तुकडा गळून आत पडला होता. दुसऱ्या कॅसेटच्या सांगाड्यात टेप घालून ती वाजवली. रेडिओसमोर टू-इन-वन ठेवून त्याच्या माइकवरच मुद्रण केलेलं, त्यामुळे श्रुतिकेच्या मागे कुकरची शिट्टी आहे, कुणीतरी पोरांना दटावतंय, आणि मग विनोद झाल्यावर रेडिओतल्या माणसांच्या आधी त्या घरातली माणसं हसतात. काकू म्हणाल्या, “हा हसला तो माझा दादा.” त्यांना नटांची नावं आठवत नव्हती.

आकाशवाणीच्या स्टुडिओतल्या टेपवर हे घर नसतं. म्हणून मी म्हणतो की श्रोत्याची कॅसेट म्हणजे मूळ प्रतीची निकृष्ट नक्कल नव्हे. तिच्यात कार्यक्रमही आहे आणि तो ऐकणारेही आहेत.

आपल्याकडे टेपरेकॉर्डर घरोघरी आला तो इंग्लंडच्या बराच नंतर, आणि बऱ्याच घरांत तो आखातातून आलेल्या नातेवाइकाच्या सामानातून आला. त्यामुळे पन्नास-साठच्या दशकातलं घरगुती मुद्रण आपल्याकडे दुर्मिळच असणार. पण सत्तरच्या अखेरीपासून पुढच्या वीस वर्षांतलं भरपूर असायला हवं: ठाण्यात, रत्नागिरीत, पणजीत, इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांत, मस्कतला आणि न्यू जर्सीतही. ते उतरवून घेणारे लोक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. घर रिकामं करताना मुलं पहिल्यांदा कॅसेटाच टाकतात, कारण वाजवायला यंत्रच नसतं.

कायद्याची भीती अनेकांना वाटते. ती बरीचशी अनाठायी आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात प्रसारण संस्थेचा प्रक्षेपणावरचा हक्क 25 वर्षांचा आहे, आणि स्वतःच्या खाजगी वापरासाठी प्रक्षेपण मुद्रित करून ठेवणं हा गुन्हा नाही, असं त्याच्या 39 व्या कलमात म्हटलं आहे. अडचण येते ती ते लोकांसाठी खुलं करताना. संहितेवर लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र 60 वर्षं आहेत, कलाकारांचे वारस आहेत. हा गुंता एकट्यादुकट्या हौशी माणसाला सुटणार नाही. तो प्रसार भारतीनंच सोडवायला हवा.

इंग्लंडमध्येही लोक घाबरत होतेच. बॉब मंकहाउस हा तिथला प्रसिद्ध विनोदी कलाकार. चित्रपटांच्या प्रती जमवल्या म्हणून त्याच्यावर 1979 मध्ये लंडनच्या ओल्ड बेलीत खटला चालला. तो निर्दोष सुटला. 2003 मध्ये तो गेला, आणि मग कळलं की त्यानं जमवलेल्या हजारो टेपांत इतरत्र कुठेही न उरलेले रेडिओ आणि टीव्हीचे कार्यक्रम आहेत. ज्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, त्याच्याच कपाटातून ठेवा निघाला.

तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर, पणजी या केंद्रांनी एक काम करावं. आपल्याकडे काय नाही याची यादी जाहीर करावी, कार्यक्रमाचं नाव आणि अंदाजे वर्षं घालून. कुणी टेप आणून दिली तर तिची प्रत काढून मूळ टेप परत देऊ आणि देणाऱ्याला कसलाही जाब विचारणार नाही, असं लेखी म्हणावं. परदेशातल्या मराठी मंडळांनीही आपापल्या गावात खोके गोळा करावेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, इतक्या पिढ्यांच्या घरांत काहीच नसेल असं कसं होईल? आणि मंत्रालयातल्या मराठी भाषा विभागानं फेब्रुवारीतल्या गौरव दिनाच्या खर्चातला थोडा भाग टेप साफ करणाऱ्या आणि प्रत काढणाऱ्या तंत्रज्ञांकडे वळवावा.

ज्यांच्या घरी कॅसेटा आहेत त्यांना विनंती आहे की उत्साहाच्या भरात जुन्या डेकमध्ये घालून त्या वाजवू नका, रबर गेलेलं यंत्र टेप गिळतं. पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा. लेबल फाडू नका. कुणी, कुठे, साधारण कधी उतरवली, ते आठवणाऱ्या माणसाला आजच विचारा आणि कागदावर लिहून कॅसेटसोबत ठेवा.