फ्लेक्स टाका म्हणे तंबूखाली!

पावसाळा सरत आला की नागपूरच्या ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सॲपवर तोच सल्ला फिरू लागतो: "तंबूखाली टाकाले पैसे कायले घालवता? निवडणुकीचा जुना फ्लेक्स घ्या. फुकट, जाड, वॉटरप्रूफ. तंबूपेक्षा हातभर मोठाच अंथरा, म्हणजे चिखल होत नाही. थंडीही वाजत नाही."

फुकट, हे कबूल. वॉटरप्रूफ, हेही कबूल.

आता जाडी. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेलं विणीचं कापड, चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या घरातलं. एकट्याच्या तंबूला ४ बाय ७ फूट धरा, म्हणजे २.६ चौरस मीटर. झाले की पाऊण किलोच्या वर! तंबूच दीड-दोन किलोचा असताना त्याच्या अंथरुणाला एवढं वजन? साधा पॉलिथिनचा कागद घ्या. त्याचा हिशेब तोंडी होतो: जितके मायक्रॉन, त्याहून किंचित कमी ग्रॅम दर चौरस मीटरला. १०० मायक्रॉनचा तेवढाच तुकडा २४० ग्रॅम, ५० चा १२०. टरबुजाच्या वाफ्यावरचा २५ मायक्रॉनचा मल्चिंग पेपर तर फक्त ६० ग्रॅम, पण बाभळीच्या काट्यापुढे तो एक रात्र टिकला तरी नशीब. मी १०० चा वापरतो. आणि काटा उभा असेल तर फ्लेक्सलाही भोक पडतंच, राजेहो. आधी वाकून जागा साफ करा.

"हातभर मोठा" हा मात्र खरा घातक सल्ला. चिखलदऱ्याला एका ऑक्टोबरात मी तो पाळला होता. रात्री दोनला सर आली. तंबूवरून ओघळलेलं पाणी बाहेर आलेल्या कडेवर पडलं, तिथून सरळ खाली शिरलं. कागद वॉटरप्रूफ, त्यामुळे ते मातीत मुरेना. साचून राहिलं आणि मी त्या डबक्यावर झोपलेला. तेव्हापासून कागद तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन इंच आत कापतो. मोठा आणला असेल तर कडा खाली दुमडा, वर नाही.

थंडीचं म्हणाल, तर डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा १० च्या खाली जातो आणि जमीन अंगाची ऊब ओढून घेते. तिला अडवते ती साठलेली हवा, म्हणजे फोमची मॅट. अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ फ्लेक्समध्ये हवा कुठली? चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेटचंही तेच. ते उष्णतेचे किरण परतवतं, पण जमिनीला चिकटून पडलं की त्याचा उपयोग संपला.

फ्लेक्स माझ्याकडेही आहे. बाइकवर सामान बांधताना वरून टाकतो. उमेदवाराचा हसरा चेहरा आतल्या बाजूला.