एका प्रतिक्रियेला उत्तर : फिट, अपस्मार आणि मानसिक आजार

सप्रेम नमस्कार.

फिट, अपस्मार आणि मानसिक आजार यांच्या व्याख्या वेगवेगळ्या देऊन मी नुसता कीस पाडला आहे, डोक्याचा आजार तो शेवटी डोक्याचाच, आणि ज्या व्याख्या दर काही वर्षांनी बदलतात त्यांवर घरच्या माणसांनी का विसंबावे, असा आपला आक्षेप आहे. आपण लेख बारकाईने वाचलात याबद्दल आभारी आहे. आक्षेप मात्र मला मान्य नाही, कारण कोणाला वर्षानुवर्षे गोळ्या घ्याव्या लागणार आणि कोणाला नाही, हे याच व्याख्यांवरून ठरते.

मेंदूतील चेतापेशींची विद्युत क्रिया अचानक आणि अवाजवी वाढली की त्या वेळेपुरती जी लक्षणे दिसतात, ती फिट. रक्तातील साखर किंवा सोडियम फार उतरले, रोजची दारू एकदम तोडली, तरी फिट येते; सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या काही मुलांना नुसत्या तापातही येते. अशा तात्कालिक कारणाने आलेल्या फिटला अपस्मार म्हणत नाहीत. लक्ष्मीपुरीतील आमच्या औषधाच्या दुकानात तापातली फिट येऊन गेलेल्या मुलाचे पालक येतात आणि शेजारच्या मुलाला चालू असलेली रोजची गोळी मागतात, कारण त्यांच्या लेखी दोन्ही मुलांना ‘फिटच’ आलेली असते. तापातल्या साध्या फिटला अशी रोजची गोळी सहसा लागत नाही. अपस्मार असलेल्याने मात्र ती मनाने बंद केली तर फिट उसळून येऊ शकते.

व्याख्या बदलली, हे खरे आहे. पूर्वी अशा तात्कालिक कारणावाचून आणि चोवीस तासांहून अधिक अंतराने दोन फिट आल्यावरच अपस्मार म्हणत. 2014 मध्ये अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यात भर घातली, ती अशी की फिट एकच आली असली, पण पुढील दहा वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता 60 टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर तोही अपस्मारच. पक्षाघाताचा जुना व्रण मेंदूत असलेल्या माणसाला महिन्यांनंतर पहिली फिट आली, तर त्याने उपचारासाठी दुसरीची वाट का पाहावी? अर्थात हे 60 टक्के प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत गणित मांडून काढता येत नाहीत. ईईजी (मेंदूच्या विद्युत क्रियेचा आलेख) आणि एमआरआय पाहून डॉक्टरांना अंदाजच बांधावा लागतो, आणि ईईजी निर्दोष आला म्हणून अपस्मार नाहीच असेही म्हणता येत नाही. व्याख्येची ही कड धूसर आहे, एवढे आपले म्हणणे मी मान्य करतो.

‘डोक्याचा आजार तो डोक्याचाच’ ही समजूत आपल्या कायद्यातही होती. हिंदू विवाह कायद्यात 1976 च्या दुरुस्तीने वेडाचे आणि अपस्माराचे वारंवार येणारे झटके एकाच वाक्यात घालून विवाहाला बाधक ठरवले गेले. त्यातून ‘अपस्मार’ वगळायला 1999 उजाडले. अपस्मार हा मेंदूचा विकार आहे, त्याने माणसाची संमती देण्याची बुद्धी जात नाही, एवढाच फरक कायद्याने तेव्हा मान्य केला. ज्यांचे विवाह मधल्या काळात त्या कलमाने अडले, त्यांना तो कीस वाटला नसेल.

आपल्या नात्यातील बाईंचे झटके तपासणीत अपस्माराचे ठरले नाहीत, म्हणजे ते ‘नाटक’, असे आपण लिहिले आहे. तसे नाही. मनावरील ताणातून येणाऱ्या झटक्यांत शरीर खरोखर आपल्या ताब्यात नसते. झटका चालू असताना काढलेल्या ईईजीत अपस्माराच्या खुणा मिळत नाहीत, एवढेच. त्यावर फिटच्या गोळ्या उपयोगी पडत नाहीत, मानसोपचार पडतात. काहींना दोन्ही प्रकारचे झटके येतात, म्हणून निदान घाईने करू नये. चप्पल हुंगवल्यावर फिट उतरते या आपल्या अनुभवाबद्दल एवढेच सांगतो की बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय चपलेला मिळते. माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर थेट रुग्णालय गाठावे.

पुतण्याच्या स्थळाला त्याचा अपस्मार सांगावा का, असे आपण शेवटी विचारले आहे. सांगावा, आणि तोही बैठकीच्या आधी. अपस्मार असल्यामुळे विवाह आता अवैध ठरत नाही. पण महत्त्वाची गोष्ट दडवून संमती मिळवली, या कारणावरून विवाह रद्द करण्याची मागणी समोरची बाजू आजही करू शकते.