‘माया हवी, पदवी कशाला?’: विशेष शिक्षकांच्या भरतीबद्दल फिरणाऱ्या आवाहनाला उत्तर

पालकांच्या आणि शाळांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक आवाहन सतत फिरत असतं. शब्द बदलतात, मजकूर तोच. दिव्यांग मुलांना शिकवायला पदवी नको, माया आणि संयम हवा. तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स पुरतो. मागणी प्रचंड, त्यामुळे नोकरी पक्की. घर सांभाळून करता येतं, म्हणून गृहिणींसाठी उत्तम. आणि एवढं असूनही शिक्षक मिळत नाहीत, कारण नव्या पिढीत सेवाभाव उरलेला नाही. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण या मजकुरावर विसंबून जो येतो तो सहसा टिकत नाही, आणि जो टिकला असता त्याला हवी ती माहिती यात कुठेच नसते.

‘माया आणि संयम पुरे’

बौद्धिक अक्षमता असलेला आठ वर्षांचा मुलगा डबा खायला बसलाय. मायाळू ताई डबा उघडून देतात, पोळीचे तुकडे करतात, भाजी पुढे सरकवतात. तीन वर्षांनीही त्याला डबा उघडता येत नाही. येणार कसा? उघडायची पाळीच कधी आली नाही.

शिकलेला विशेष शिक्षक याच डब्याच्या सात पायऱ्या पाडतो: पिशवीची चेन उघडणं, डबा काढणं, टेबलावर ठेवणं, एका हाताने धरणं, एक क्लिप उचलणं, दुसरी उचलणं, झाकण काढणं. पहिल्या सहा पायऱ्या मुलाच्या हातावर हात ठेवून करून घ्यायच्या आणि फक्त सातवी त्याच्यावर सोडायची. झाकण निघालं की समोर जेवण. वेगळं बक्षीस लागत नाही. सलग तीन दिवस झाकण विनामदत निघालं की सहावी पायरीही त्याच्याकडे. याला उलट साखळी म्हणतात. सुरुवात शेवटाकडून करायची कारण प्रत्येक प्रयत्न यशावरच संपतो. पहिल्या पायरीपासून सुरुवात केली तर मूल चेनशी झगडून थकतं आणि डबा भिरकावून देतं.

दर वेळी वहीत नोंद: स्वतः केलं, सांगितल्यावर केलं, खूण केल्यावर केलं, हात धरून केलं. ही वही नसली की हाताची मदत कधी काढून घ्यायची तेच कळत नाही, आणि मूल डबा उघडण्याऐवजी ‘बाई हात धरेपर्यंत थांबणं’ शिकतं. डब्याचं उद्दिष्ट ठरतं तेही मनाने नाही. मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रामिंग सिस्टिमसारख्या तपासणीसूचीत १८ क्षेत्रं, प्रत्येकात २० कौशल्यं, अशी ३६० कलमं असतात. त्यावर मूल आज कुठे आहे ते पाहून पुढचं ठरतं.

इतर प्रवर्गांत, म्हणजे अक्षमतेच्या इतर प्रकारांत, हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. कर्णबधिर वर्गात सकाळी पहिलं काम म्हणजे आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी, तोंड झाकून, एकेका मुलासमोर. काल ‘स’ ओळखणारं मूल आज ओळखत नसेल तर श्रवणयंत्राचा सेल उतरलाय का, कानातल्या साच्यात मळ अडकलाय का, पावसाळ्यात नळीत पाणी साचलंय का, हे आधी बघायचं. ते न बघता ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडला तर तो वर्षभर मुलाला चिकटतो.

ब्रेलमध्ये पाटी आणि लेखणीने लिहिताना उजवीकडून डावीकडे, ठिपके उलटे घेऊन लिहायचं असतं. कागद उलटला की डावीकडून वाचायचं. भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमधला ‘इ’ म्हणजे सहा ठिपक्यांच्या चौकटीतले २ आणि ४ क्रमांकाचे ठिपके आणि ‘ए’ म्हणजे १ आणि ५, आरशातली जोडी. मूल लिहिताना ठिपके उलटवायला विसरलं की ‘इ’चा ‘ए’ होतो. हे माहीत नसलेला शिक्षक त्याला शुद्धलेखनाची चूक म्हणेल आणि तोच शब्द दहा वेळा लिहायला लावेल.

संयम लागतो, यात वाद नाही. तो बसच्या कंडक्टरलाही लागतो.

‘तीन महिन्यांचा कोर्स केला की झालं’

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२चा आहे. त्याच्या कलम १३नुसार परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नसताना पुनर्वास व्यावसायिक (दिव्यांगांसाठी काम करणारा प्रशिक्षित माणूस) म्हणून काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. विशेष शिक्षक हा त्या नोंदवहीतला एक प्रवर्ग आहे. ‘शॅडो टीचर’ नावाचा प्रवर्ग त्यात नाही. छोट्या कोर्सनंतर खासगी शाळेत एका मुलाशेजारी बसून मदत करता येते आणि ते काम उपयोगाचंही आहे. पण त्या प्रमाणपत्रावर विशेष शिक्षकाचं पद मिळत नाही. फी भरून झाल्यावर हे कळणं वाईट.

खरे रस्ते दोन: एक, बारावीनंतर दोन वर्षांचा डी.एड. (विशेष शिक्षण); दुसरा, बी.एड. (विशेष शिक्षण). प्रवेश घेण्याआधी परिषदेच्या यादीत तीन गोष्टी जुळवायच्या: संस्था, अभ्यासक्रमाचा प्रवर्ग आणि मान्यतेची मुदत. मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. तीच संस्था कर्णबधिर प्रवर्गासाठी मान्य आणि स्वमग्नता प्रवर्गासाठी अमान्य असू शकते. निकालानंतर नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरायचा. इथे सर्वांत जास्त अडतं ते नावावर: गुणपत्रिकेवर माहेरचं, आधारवर सासरचं. नावबदलाचं राजपत्र आधीच काढून ठेवलं तर काही महिने वाचतात. नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षणांचे गुण जमवावे लागतात. शेवटच्या वर्षी धावपळ नको असेल तर दर वर्षी थोडे थोडे करा.

प्रवर्ग निवडताना मैत्रिणीने कुठे प्रवेश घेतला हे बघू नका. आपल्या तालुक्यात काय आहे ते बघा. जवळ कर्णबधिर शाळा असेल तर तो प्रवर्ग योग्य. सर्वसाधारण शाळांत फिरायचं असेल तर बौद्धिक अक्षमता किंवा अध्ययन अक्षमतेचा जास्त उपयोग, कारण वर्गांत तीच मुलं जास्त भेटतात.

‘मागणी प्रचंड, नोकरी पक्की’

गरज आणि मंजूर पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्रमाण सांगितलं: प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढे १५ मुलांमागे एक. सप्टेंबर २०२२मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ते आलं. तरीही मार्च २०२५मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावं लागलं की पदं मंजूर करा आणि भरा.

जमिनीवर हिशेब असा. समजा एका केंद्रात, म्हणजे जवळच्या शाळांच्या समूहात, १२ शाळा आणि पहिली ते पाचवीची २७ दिव्यांग मुलं आहेत. एकेका शाळेत दोन-तीनच, म्हणजे शाळानिहाय पद कधीच बसत नाही. ते केंद्राला द्यावं लागतं. महाराष्ट्राने २०२४मध्ये केंद्रस्तरावर पदं निर्माण करण्याचा निर्णय घेतला त्यामागे हेच गणित आहे. प्रमाणानुसार या केंद्राला तीन शिक्षक हवेत. तिघे असले तर प्रत्येकाकडे चार शाळा, रोज दोन भेटी, म्हणजे प्रत्येक शाळेत आठवड्यातून तीनदा. एकच असला तर प्रत्येक शाळेला आठवड्यातून एकच भेट, मुलाच्या वाट्याला फार तर तास. एवढ्यात डब्याची सातवी पायरीसुद्धा होत नाही. मग पालक म्हणतात शिक्षक काही करत नाही, शिक्षक म्हणतो माझी निम्मी नोकरी मोटारसायकलवर जाते.

शिवाय पदं दोन दारांमागे आहेत. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे (डिसेंबर २०२२पासून तो स्वतंत्र आहे), सर्वसाधारण शाळांतलं समावेशित शिक्षण शालेय शिक्षण विभागाकडे. एकाच्याच जाहिराती बघत बसलेला उमेदवार दुसऱ्याच्या हुकवतो. सीबीएसई शाळांना विशेष शिक्षक नेमणं बंधनकारक आहे; ते तिसरं दार, पण तिथे पगार शाळेगणिक बदलतो. मुलाखतीत पद ‘समुपदेशक आणि विशेष शिक्षक’ असं जोडून दाखवत असतील तर दोन माणसांचं काम आहे असं समजा.

‘गृहिणींसाठी उत्तम’

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना मासिक पाळी, दाढी, अंतर्वस्त्रं, शौचालय, अनोळखी स्पर्शाला नकार हे सगळं शिकवावं लागतं. मुलग्यांच्या गटाला हे पुरुष शिक्षकाने शिकवणं सोयीचं आणि सभ्यही. फक्त बायकांना हाक देणारी जाहिरात अर्धी गरज पुसून टाकते. शिवाय ‘घर सांभाळून’ म्हटलं की सोबत ‘मानधन’ हा शब्द येतो, पगार नाही.

उमेदवार शोधायचेच तर अंगणवाडी सेविकांकडे बघा. उशिरा बोलणारं, उशिरा चालणारं मूल गावात बहुधा त्यांच्या नजरेत आधी येतं. दिव्यांग मुलांच्या भावंडांकडे बघा. आणि सांकेतिक भाषा किंवा ब्रेल येणाऱ्या दिव्यांग तरुणांकडे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १७ अशा शिक्षकांच्या नेमणुकीबद्दल स्पष्ट बोलतं, पण भरतीचे फलक बहुतेक वेळा त्यांना न वाचता येणाऱ्या रूपात निघतात.

‘सेवाभाव उरलेला नाही’

करार दर वर्षी तुटत असेल, प्रवासखर्च खिशातून जात असेल, शिक्षकाला वर्ग सोडून याद्या भरायला बसवत असतील, तर माणूस जाणारच. त्यात पिढीचा काय संबंध?

भरती करणाऱ्या संस्थेने जाहिरातीत हृदयाचं चित्र टाकण्याऐवजी हे लिहावं: प्रवर्ग कोणता, एका शिक्षकामागे मुलं किती, मदतनीस आहे का, पद मंजूर की कंत्राटी, वेतन किती आणि महिन्याच्या कोणत्या तारखेला, फिरती असेल तर किती किलोमीटर. आणि इच्छुकांना शाळा दाखवायला ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला बोलावू नये. त्या दिवशी मुलं नटलेली असतात, नाच बसवलेला असतो, सगळ्यांचे डोळे भरून येतात आणि अर्ज ढीगभर येतात. एखाद्या साध्या मंगळवारी साडेनऊला बोलवा. कपडे ओले केलेलं मूल, बंद पडलेलं श्रवणयंत्र, तेच झाकण चाळिसाव्यांदा आणि नोंदींची वही, हे सगळं बघू द्या. साडेअकराला जो ‘ही वही कशी भरतात?’ असं विचारेल, त्याच्याकडून त्याच दिवशी प्रवेशाचा फॉर्म भरून घ्या.